हजार ल्युमेनचा खिशातला टॉर्च

एकाने विचारलंय की रोजच्या वापराला हजार ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे उजेड मोजायचं एकक) छोटा टॉर्च घ्यावा का. जरूर घ्या, पण हजारावर भाळू नका. माझा एका १८६५० सेलवर (पुन्हा चार्ज होणारा लिथियम सेल) चालतो, जाडी अंगठ्याहून जरा जास्त. फुल्ल लावला की दोन-तीन मिनिटांत टॉर्चचं डोकं असं तापतं की हात बदलावा लागतो. मग तो स्वतःच उजेड उतरवतो. एवढ्याशा धातूत उष्णता जाणार कुठे?

खोक्यावर एफएल१ मानक (टॉर्चचे आकडे कसे मोजायचे याचे ठरलेले नियम) लिहिलेलं असेल तर ल्युमेन चालू केल्यापासून ३० सेकंद ते २ मिनिटं या वेळातले असतात, आणि रनटाइम, म्हणजे एका चार्जवर चालायचा वेळ, उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा. म्हणजे 'हजार ल्युमेन, तीन तास' हे एकत्र मिळत नाही!

लाइट गेल्यावर फ्यूज बघायला, पलंगाखाली गेलेली चप्पल शोधायला मला उजेडाची सगळ्यात खालची पायरीच पुरते. म्हणून टॉर्च थेट मंद लागतो का, हे आधी बघा. माझा एकदा खिशातच चालू झाला, मांडीला चांगलाच चटका बसला. तेव्हापासून मागची टोपी पाव फेरा सैल करूनच खिशात टाकतो. आणि सेल बाहेर निघणाराच घ्या, दोन-तीन वर्षांनी सेल दमला की नुसता तोच बदलता येतो.