अडीच मीटर कलमकारी आहे, कात्री लावायचा धीर होईना

मोगरा_८८: नमस्कार मंडळी. दोन वर्षांपूर्वी मावसबहिणीच्या लग्नाला हैदराबादला गेले होते तेव्हा कलमकारीचं कापड घेतलं, काळ्यावर लाल-पिवळे मोर, कॉटन, पन्ना (रुंदी) 44 इंच, अडीच मीटर. तेव्हापासून कपाटात घडी घालून ठेवलंय, मधूनमधून काढून बघते आणि परत ठेवते. टेलरकडे टाकायचं नाही हे पक्कं, कारण मागे एका चांगल्या ड्रेसपीसचा ब्लाऊजच्या मापाचा कुर्ता करून दिला होता एकाने आणि वर म्हणतो कापड कमी होतं. आईचं पायाचं मशीन घरात आहे, उशांचे अभ्रे आणि पेटीकोट येतात मला. गुडघ्याखाली येईल असा साधा ए-लाइन (खाली पसरत जाणारा) ड्रेस शिवायचाय, उंची 42. जमेल का? आधी काय करू? आणि सोलापूरच्या उन्हात अस्तर लावावं का, एप्रिलात नुसतं मलमल पण नको वाटतं.

पद्मा_काकू: अगं आधी धू! नवं कापड न धुता शिवलंस तर पहिल्या धुण्यात घोट्याएवढं असलेलं गुडघ्यावर येतं. आमच्या घरी तेलुगू बोलतात, सासूबाईंच्या माहेरी मछलीपट्टणमची कलमकारी यायची, ती ठोकळ्याने छापलेली. कलमने हाताने काढतात ती श्रीकाळहस्तीची. खऱ्या कलमकारीतला काळा रंग लोखंड आणि गूळ आंबवून करतात, म्हणून पहिल्यांदा थोडं पाणी गढूळ होईल, घाबरू नको. पांढरा ओला रुमाल एका कोपऱ्यावर चोळून बघ, रंग किती लागतो ते कळतं. गार पाणी, रिठा, भिजत घालून विसरायचं नाही, सावलीत वाळवायचं. अस्तर लावणार असशील तर तेही धुऊन घे, नाहीतर वरचं एकीकडे आणि आतलं दुसरीकडे ओढतं.

कटिंगवाला: मी युनिफॉर्मच्या कारखान्यात कटिंग करतो, आमच्याकडे प्लेन कापडाचे थर रचून एकदम कापतात, डोकं लावायचं काम कमी. प्रिंटचं तसं नाही ओ. पहिलं बघा मोर सगळे एकाच दिशेला उभे आहेत का. असतील तर पुढचा भाग सरळ आणि मागचा उलटा लावून कापड वाचवायची आयडिया चालणार नाही, मागून मोर खाली डोकं करून लटकतील.

हिशोब असा. अडीच मीटर म्हणजे 98 इंच, धुऊन 94 धरा. उंची 42, खांद्याची शिलाई आणि खालची दुमड धरून 45. पुढे-मागे मिळून 90. बसतंय, पण कटाकटी. घडी मधोमध घालायची नाही, काठापासून 15 इंचावर घालायची आणि ती रेघ मोराच्या बरोबर मधून गेली पाहिजे, नाहीतर मोर पोटावर एका बाजूला सरकतो. त्यात खालचा घेर 56 पर्यंत निघतो आणि शेजारी, पन्ना धुऊन 43 धरला तर, 13 इंचाची पट्टी उरते, तिच्यातून छोट्या बाह्या. मोर छातीच्या टोकावर बरोबर येत असेल तर दोन इंच वरखाली करा, का ते सांगायला नको.

मोगरा_८८: 😂 दादा बरोबर. पण बाही 13 मध्ये बसेल? दंड माझे काही बारीक नाहीत.

कटिंगवाला: शिलाई जाऊन 12 राहणार. घट्ट वाटली तर बाहीच काढून टाका, मुंढ्याला (बाही जोडतात त्या कडेला) उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, पट्टी लावा. उन्हाळ्याचा ड्रेस आहे, छान दिसेल.

रेशीमगाठ: पॅटर्न कुठून आणू म्हणशील तर अंगाला नीट बसणारा एखादा जुना कुर्ता घे, वर्तमानपत्रावर ठेव, कडेने पेन फिरव, शिलाईला एक-एक इंच वाढव. मग तो कागद थेट कलमकारीवर नको लावूस, आधी मांजरपाटावर (साध्या कोऱ्या सुती कापडावर) शिवून अंगात घालून बघ. मांजरपाट नसेल तर विटलेली बेडशीट. (माझी आजी म्हणायची सोलापूरची चादर सोडून सगळं कापून बघावं, ती कापली की मशीनची सुई गेलीच.) टक्स (फिटिंगसाठी दुमडून मारतात त्या शिलाया) घालू नकोस, मोराची मान दुमडली जाते, ए-लाइनमध्ये चालून जातं. आणि प्रिन्सेस कट (छातीवरून खाली जाणाऱ्या उभ्या शिवणी) तर विसरूनच जा, शिवणीवर मोराचे तुकडे होतात.

पद्मा_काकू: सुई 14 नंबर. नवी घाल, आईच्या मशीनमध्ये कधीची आहे कोणास ठाऊक. पातळ निघालं कापड तर 11.

मोगरा_८८: अपडेट. धुतलं, 94 नाही 93 राहिलं, दादा तुमचा एक इंच गेला. बेडशीटचा ड्रेस शिवला, काखेत तंग झाला, कागद तिथे अर्धा इंच बाहेर काढला. काल रात्री कलमकारी कापली. सुरुवातीला कात्री धरून पाच मिनिटं नुसती बसले, मग नवरा म्हणाला काय बघालीस, काप की, म्हणून कापली. बाह्या कापल्याच नाहीत. उरलेल्या पट्टीतून मोर असलेला खिसा लावणार आहे, फक्त उजव्या बाजूला. खिसा शिवणीत घालू की वरून ठेवू?

रेशीमगाठ: वरून. एवढा मोर शिवणीत कशाला लपवतेस.