फार्गोला ४०७ चं इंजिन टाकलंय, जुना रेडिएटर ठेवू का काढू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमच्याकडं बीडला आजोबांच्या काळातली फार्गो ट्रक आहे, प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली, पन्नासच्या दशकातली. मूळचं सहा सिलेंडरचं साइड वॉल्व (वॉल्व हेडऐवजी ब्लॉकमध्येच असलेलं) पेट्रोल इंजिन कधीचंच गेलं होतं, ब्लॉकलाच तडा, म्हणून टाटा ४०७ चं ४९७ मॉडेलचं डिझेल इंजिन गिअरबॉक्ससकट बसवून घेतलं. आरसीवर इंजिन बदलाची नोंद पण झाली, त्यामुळं "विंटेजचा नंबर मिळतो का" हे कृपया विचारू नका, त्याला गाडी मूळ रूपात लागते, तो विषय संपला.

आता अडचण रेडिएटरची. जुनाच ठेवलाय, पितळी टाक्या, तांब्याचा कोअर (पाणी गार करणाऱ्या नळ्यांचा मधला भाग), दोन माणसांनी उचलावा लागतो असला जड. हायवेला पन्नास-साठनं पळवली की काटा ८५ च्या आसपास गप बसतो. पण पोळ्याला नाहीतर गणपतीला मिरवणुकीत पहिल्या गिअरात रांगायली की अर्ध्या तासात काटा शंभरच्या पुढं. मांजरसुंबा घाटात पण तेच, वर पोचलो की झाकणातून वाफ. मिस्त्री म्हणायलाय हा डबा भंगारात घाला आणि ४०७ चाच रेडिएटर टाका, पण तो बसवायचा तर पुढची पट्टी कापावी लागते, जाळी पण नीट बसत नाही, आणि मग फार्गोची फार्गो राहायली कुठं?

त्यानं ४०७ चं प्रेशरचं झाकण पण लावून बघितलं. तेव्हापासून वरच्या टाकीच्या डाखाच्या शिवणीवर ओल दिसायली आणि वाळली की हिरवट पांढरी पूड धरायली. कुणी जुना रेडिएटर डिझेलला चालवलाय का? कोअर बदलून घ्यावा का?

जालन्याचा_गॅरेजवाला
भाऊ पहिलं ते झाकण काढा. ते जवळपास एक बारचं (साधारण १४-१५ पीएसआय दाबाचं) असतंय, त्या काळच्या डाखाच्या टाक्या एवढ्या दाबाला नव्हत्याच, शिवण उकलणारच. शिवाय झाकण बसतं त्या जुन्या गळ्याची खोली वेगळी, झाकण बसल्यासारखं दिसतं पण खालचं रबर टेकतच नाही. ४ ते ७ पीएसआयचं बघा. निम्मं कूलंट निम्मं डिस्टिल्ड पाणी आणि ७ चं झाकण असलं की ११५ पर्यंत उकळत नाही, घाटाला तेवढं पुरतं. बोअरचं पाणी अजिबात घालू नका, आपल्याकडचं पाणी म्हणजे किटलीत पांढरा थर धरतो तसलं.

परभणीकर
कोअर खराब नाही दादा, तुम्ही स्वतःच लिहिलंय की हायवेला ८५. कोअर चोंदलेला असता तर वेगात, लोडवर आधी तापली असती. हळू चालताना तापते म्हणजे वारा कमी पडायलाय. जुनं इंजिन सहा सिलेंडरचं लांब, फॅन कोअरच्या अगदी जवळ यायचा. ४९७ चार सिलेंडरचं, आखूड, मागं बसलं असणार, म्हणजे फॅन लांब राहिला आणि वर श्राउड (फॅनभोवतीचं, कोअरला जोडणारं पत्र्याचं आवरण) नसेल तर तो नुसता बॉनेटमधलीच गरम हवा घुसळतोय. आणि साइड वॉल्वमध्ये एक्झॉस्टची वाट ब्लॉकमधूनच जायची, सगळी धग पाण्यात, त्यापुढं तुमचं डिझेल पाणी कमीच तापवतं. तेवढं झेललेला रेडिएटर ह्याला का पुरणार नाही?

नुसता लांब स्पेसर टाकून फॅन पुढं आणू नका, वॉटर बॉडीचं (पाण्याच्या पंपाचं) बेअरिंग खातं. पत्र्याचा श्राउड करून घ्या, पूर्ण कोअर झाकणारा, पाती निम्मी आत निम्मी बाहेर. मिरवणुकीसाठी जाळीच्या मागं, कोअरच्या पुढून १२ व्होल्टचा ढकलणारा फॅन रिलेवर लावा, बाहेरून दिसत पण नाही. ओढणारा आणून उलटा लावाल तर वारा निम्माच मिळतो.

आणि एक, गाडी गार असताना झाकण काढून चालू करा. पाण्यात बुडबुडे सतत यायले तर ही सगळी चर्चा सोडा आणि आधी हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग) बघा.

धागाकर्ता
बुडबुडे नाहीत, आत्ताच बघितलं. फॅन आणि कोअरमध्ये वीत घातली तरी जागा उरायली 😅 आणि फॅनचा मध्य कोअरच्या मध्यापेक्षा चांगला चार बोटं खाली आहे. श्राउडला तसा तिरका गळा केला तर चालंल का?

परभणीकर
चालतो. गोल भोक फॅनसमोर, चौकट कोअरवर, मधला पत्रा तिरका गेला तरी काही बिघडत नाही. पाती आणि भोकात सगळीकडं बोटभर जागा ठेवा, इंजिन फाउंडेशनवर (रबरी बैठकीवर) हलतंय. शिवण मात्र आधी रेडिएटरवाल्याकडं टाकी उतरवून नव्यानं डाख मारून घ्या, वरून एमसील थापू देऊ नका.