मदत हवी आहे: मुलाचा दमा आटोक्यात आहे, पावसाळ्याच्या तोंडावर रोजचा पंप बंद करावा का?

सोनटक्का
नमस्कार मंडळी. मुलगा ९ वर्षांचा, आम्ही भांडुपला राहतो. गेल्या पावसाळ्यात त्याला मध्यरात्रीनंतर खोकल्याची ढास लागायची, छातीतून शिट्टीसारखा आवाज यायचा. कफ सिरपने काही होईना, तेव्हा छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी स्पायरोमेट्री (नळीत जोरात फुंकायला लावून फुप्फुसांची तपासणी) करून दमा सांगितला. तेव्हापासून बुडेकॉर्ट या स्टिरॉइडचा पंप स्पेसर (पंपाला जोडायची प्लॅस्टिकची नळी) लावून सकाळी दोन आणि रात्री दोन फवारे घेतो. धाप लागली तर अ‍ॅस्थालिन.

होळीपासून पोरगा ठणठणीत आहे. रात्री झोपतो, खाली क्रिकेट खेळतो. त्यामुळे घरात रोज एकच विषय. सासूबाई म्हणतात, बरा झालाय तर स्टिरॉइड कशाला, सवय लागेल, उंची खुंटेल. अहोंचंही अर्धं मत तिकडेच. नणंदबाईंचा आग्रह मृगाला हैदराबादला जाऊन दम्यावर उपाय म्हणून देतात तो जिवंत मासा गिळवून आणायचा. डॉक्टरांची तारीख जूनअखेरीस आहे. त्यात शेजारची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, दिवसभर धूळ. बेडरूमची पश्चिमेची भिंत दर पावसाळ्यात ओल धरते ते वेगळंच.

पंप आत्ता बंद केला तर चालेल का? आणि घरच्यांना समजावू कसं?

जुना दमेकरी
ताई, तारखेपर्यंत पंप चालू ठेवा. पोरगा बरा आहे तो पंप चालू आहे म्हणून.

दोन्ही पंपांची कामं वेगळी आहेत आणि सगळ्या घरांत घोळ तिथेच होतो. अ‍ॅस्थालिन श्वासनलिकांभोवतीचे आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल करतं, चारेक तासांनी त्याचा असर ओसरतो. आतली सूज त्याने हटत नाही. ती बुडेकॉर्टने उतरते, हळूहळू, दिवसा-आठवड्यांनी. बंद केल्यावर परतही तशीच येते, त्यामुळे सुरुवातीला काहीच झालं नाही असं वाटतं. मग पहिली सर्दी होते किंवा पहिला मोठा पाऊस पडतो आणि रात्री धावपळ.

साधारण तीन महिने सगळं शांत असेल तर डॉक्टर स्वतःच डोस उतरवतात. एकदम बंद नाही, टप्प्याटप्प्याने, आणि बरा काळ बघून. जून म्हणजे भिंतींना बुरशी, शाळा सुरू, वर्गात सर्दीची साथ. डोस कमी करायला याहून वाईट मुहूर्त नाही. तारीख अलीकडे मिळते का बघा, आणि सासूबाईंना सोबत न्या. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं वेगळं उतरतं, हा माझ्या आईचा अनुभव. (माझी आजीही अशीच होती. केळं, दही, भात सगळं बंद. एखाद्या पदार्थाने मुलाला खरंच त्रास होत असेल तर तो टाळावा, नाहीतर उगाच उपाशी मारू नये.)

उंचीची भीती निव्वळ बिनबुडाची नाही, म्हणून थट्टेवारी नेऊ नका. रोजच्या स्टिरॉइड पंपाने वाढ किंचित मंदावते, मोठेपणी सरासरी एखाद सेंटीमीटरचा फरक दिसलेला आहे. पण पंपाचा डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो. अटॅक आला की तोंडाने द्यावं लागतं ते स्टिरॉइड मिलिग्रॅममध्ये, म्हणजे हजारपटीचं माप. वर्षातून तीन-चारदा त्या गोळ्या घेण्यापेक्षा रोजचा पंप बरा. व्यसन म्हणाल तर तसलं यात काही नाही.

लक्ष ठेवायचं ते अ‍ॅस्थालिनवर. आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा लागलं तर दमा हाताबाहेर चाललाय. २०१९ पासून जागतिक मार्गदर्शिकाही सांगतात की मोठ्यांनी आणि १२ वर्षांवरच्या मुलांनी नुसत्या या पंपावर दिवस काढू नयेत.

औषधवाला
आमचं दुकान आहे म्हणून सांगतो. पंपात किती फवारे ते डब्यावर लिहिलेलं असतं. समजा २०० आहेत, तर रोज चार या हिशेबाने ५० दिवसांत औषध संपतं. गॅस मात्र उरतो, फुस्स आवाज येत राहतो, आणि लोक महिनाभर रिकामा पंप ओढतात. पाण्यात तरंगवून बघायची युक्ती विश्वासाची नाही. सुरू केल्याची तारीख पंपावर पेनने लिहा.

स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवा आणि तसाच निथळू द्या. फडक्याने पुसला की आत स्थिर वीज तयार होते आणि औषध प्लॅस्टिकलाच चिकटतं. एका वेळी एकच फवारा, पंप हलवून, मग चार-सहा सावकाश श्वास. दोन्ही एकदम दाबणारे आई-बाप रोज बघतो. नंतर चूळ भरायला लावा, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते.

मुलुंडचा मामा
माझ्या भाच्याचा दमा अडुळसा आणि मधाने गेला. पंप बिंप काही नाही. सातवीत असताना आपोआप थांबला. प्रत्येकाची प्रकृती वेगळी.

जुना दमेकरी
मामा, बऱ्याच मुलांचा दमा वयात येताना आपोआप निवळतो. त्या वेळी घरात जे चालू असेल त्याला श्रेय मिळतं. अडुळशाला मिळालं, हैदराबादच्या माशालाही मिळतं. नंतर काहींना तो मोठेपणी परत गाठतो, माझ्यासारखा. नणंदबाईंचा मान राखायचा असेल तर राखा, पण त्या गर्दीत जिवंत मासा गिळताना पोराला ठसका लागेल याची मला जास्त काळजी वाटते. आणि गेलातच तर पंप पिशवीत हवा.

पारंबी
भिंतीबद्दल. ओलीवर नुसता रंग मारू नका, गळती बाहेरून बंद करा, पावसाआधी. पलंग त्या भिंतीपासून लांब ओढा. गाद्या-उशा आत्ताच कडक उन्हात टाका. मच्छर अगरबत्ती, धूप, कपाटातल्या डांबरगोळ्या बंद. झुरळं हेही मोठं कारण असतं, त्यांचा बंदोबस्त जेलने करा, स्प्रेने नको.

धुळीबद्दल सोसायटीच्या लेटरहेडवर एस वॉर्डला तक्रार द्या, फोटोंसकट. महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्येच बांधकामांना पत्र्याचं कुंपण, हिरवं कापड आणि पाणी मारणं बंधनकारक केलंय. आमच्याकडे दोन पत्रांनंतर टँकर यायला लागला. पाडकाम चालू असताना त्या बाजूच्या खिडक्या बंद.

सोनटक्का
सगळ्यांचे आभार. औषधवाले दादांनी सांगितलं तसं मोजलं, आमचा पंप संपायलाच आलाय! पंप चालूच ठेवतेय, तारीख पुढच्या आठवड्यात मिळाली, सासूबाई यायला तयार आहेत. आता एकच. शाळा सुरू झाली की पीटी असते, पळताना धाप लागली तर? बाई म्हणतात त्याला बसवून ठेवू.

वॉर्डातली सिस्टर
बसवून ठेवायचं काही कारण नाही. आटोक्यातला दमा असलेली मुलं सगळं खेळतात. पळून त्रास होतोय असं दिसलं तर डॉक्टरांना विचारा, ते खेळाआधी पंधरा मिनिटं अ‍ॅस्थालिन घ्यायला सांगू शकतात.

त्यांच्याकडूनच एका कागदावर लिहून घ्या: रोजचं काय, खोकला वाढला तर काय, अटॅक आला तर काय. एक प्रत वर्गशिक्षिकांकडे, सोबत नावाची चिठ्ठी लावलेला पंप आणि स्पेसर. ऑफिसच्या कुलूपबंद कपाटात नको. धाप लागली तर आडवं झोपवू नये, ताठ बसवावं आणि कागदावर लिहिलेत तेवढे फवारे एकेक करून द्यावेत. एक वाक्य सलग बोलता येत नसेल, श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल किंवा ओठ निळसर दिसले, तर तुमची वाट न बघता १०८ ला फोन करून हॉस्पिटल गाठायचं. रस्त्यातही फवारे चालू ठेवायचे. हे बाईंना तोंडी सांगा आणि स्पेसर कसा लावायचा ते त्यांच्याकडून एकदा करून घ्या.