ज्याची हुर्यो उडवली, त्याच्याचसाठी टाळ्या: तुमचे अनुभव लिहा

नमस्कार मंडळी,

रविवारी टपरीवर चहा पिताना एका मित्राशी वाद झाला. त्याचं म्हणणं, चाहते माफबिफ काही करत नाहीत. संघ जिंकायला लागला की मागचं विसरतात, एवढंच. माझं म्हणणं, विसरणं वेगळं आणि एखाद्याला परत 'आपला' म्हणणं वेगळं. दोन कटिंग झाले तरी वाद मिटेना, म्हणून हा धागा.

हंगामभर ज्याच्यावर तोंडसुख घेतलंत आणि नंतर ज्याने तुम्हाला खुर्चीवरून उठवलं, असा एखादा फुटबॉलपटू आठवा. मेस्सी-रोनाल्डो नकोत, त्यांना धाग्यांची कमी नाही. अट एकच: त्याने काय केलं एवढंच लिहून थांबू नका, तुम्ही स्वतः तेव्हा काय करत होतात तेही लिहा. आधी तुमचं ऐकतो.

हॅरो, लंडनहून

अट वाचून जरा अवघडलोच. पण लिहितो.

२७ ऑक्टोबर २०१९, आर्सेनल विरुद्ध क्रिस्टल पॅलेस. या देशात येऊन मला दीड वर्ष झालं होतं. ऑफिसातल्या एकाला यायला जमणार नव्हतं, त्याच्या तिकिटावर आर्सेनलच्या एमिरेट्स मैदानावर गेलो. पहिल्या दहा मिनिटांत आर्सेनल २-० पुढे आणि तासाभराच्या आत २-२. ६१व्या मिनिटाला बदलीची पाटी वर गेली. कर्णधार ग्रॅनिट झाका बाहेर, साका आत. पाटीवर झाकाचा नंबर दिसताच आमच्याच लोकांनी जल्लोष केला. बाहेर येताना तो रमतगमत चालतोय असं वाटलं आणि मग हुर्यो सुरू झाली. त्याने कानाला हात लावून 'अजून ओरडा' अशी खूण केली, काहीतरी शिवी हासडली, जर्सी काढली आणि सरळ आत निघून गेला.

मी ओरडलो होतो. खरं सांगायचं तर झाकाबद्दल माझं चांगलं-वाईट काही मतच नव्हतं. शेजारचे आजोबा ओरडत होते, पुढची रांग ओरडत होती, म्हणून मीही. घरी येऊन बायकोला रंगवून सांगितलं वगैरे.

चार दिवसांनी त्याचं निवेदन वाचलं. 'पाय मोडू', 'तुझ्या बायकोला मारू', 'तुझ्या मुलीला कॅन्सर होवो' असले संदेश त्याला येत होते. माझी मुलगी तेव्हा सहा महिन्यांची होती. फोन खाली ठेवला आणि बराच वेळ काही सुचेना. मी त्याला असलं काही लिहिलं नव्हतं, पण ज्या आवाजात ते लिहिणारे होते, त्याच आवाजात मीही होतो.

पुढे कर्णधारपद गेलं. जानेवारीत तो बर्लिनच्या क्लबकडे निघालाच होता. नवे प्रशिक्षक आर्टेटा यांनी थांबवून घेतलं. इथून सगळं गोडगोड झालं असं समजू नका. डिसेंबर २०२० मध्ये बर्नलीविरुद्ध त्याने एकाचा गळा धरला आणि लाल कार्ड घेतलं. पुढच्या ऑगस्टमध्ये मँचेस्टर सिटीविरुद्ध पुन्हा लाल कार्ड. मीच म्हणालो होतो, 'याचं काही होणार नाही.' मग २०२२-२३ मध्ये आर्टेटांनी त्याला डावीकडे जरा पुढे खेळवायला सुरुवात केली आणि लीगमध्ये त्याने ७ गोल केले. आम्ही २४८ दिवस अव्वल राहिलो आणि शेवटी दुसरे आलो (हे दुःख वेगळं, त्यावर स्वतंत्र धागा काढेन).

२८ मे २०२३ ला वुल्व्हजविरुद्ध त्याचा तिथला शेवटचा सामना. पहिल्या पाऊण तासाच्या आतच काय, पहिल्या १४ मिनिटांत त्याने दोन गोल केले. त्याच मैदानावर सगळे गात होते की तू राहा, जाऊ नकोस. मी घरी टीव्हीसमोर होतो. मुलगी आता चार वर्षांची, तिने विचारलं, 'बाबा, हा कोण?' म्हटलं, 'मी याच्यावर एकदा ओरडलो होतो.' ती म्हणाली, 'मग सॉरी म्हण.'

नाशिकहून, थोडक्यात

न्यूकॅसलचा जोएलिंटन. ४ कोटी पौंडांना आणला, स्ट्रायकरचा ९ नंबर दिला आणि पहिल्या हंगामात लीगचे गोल दोन. दोन! आमच्या ग्रुपवर कोणी काही हरवलं की 'जोएलिंटनचा गोल सापडला का' असं विचारायचे. नोव्हेंबर २०२१ मध्ये नॉर्विचविरुद्ध नवव्याच मिनिटाला आमच्या एका बचावपटूला लाल कार्ड मिळालं. तेव्हा प्रशिक्षक एडी हाऊने याला मधल्या फळीत मागे ओढलं. तिथे तो रानरेड्यासारखा खेळला. त्या हंगामात क्लबचा सर्वोत्तम खेळाडू तोच. अडीच वर्षं आपण माशाला झाडावर चढ म्हणत होतो.

मी काय करत होतो? तो विनोद मीच काढला होता.

कोथरूड, पुणे

मी हॅरी मॅग्वायरची मीम बनवायचो. नुसती पुढे ढकलायचो नाही, बनवायचो. फोटोशॉप येतं, त्याचा हा उपयोग.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: २०१९ मध्ये मँचेस्टर युनायटेडने याच्यासाठी ८ कोटी पौंड मोजले. बचावपटूसाठी एवढे पैसे, त्यामुळे प्रत्येक चूक आठ कोटींची दिसायची. २०२३ च्या जुलैमध्ये कर्णधारपद काढलं. सप्टेंबरमध्ये स्कॉटलंडविरुद्ध इंग्लंडकडून स्वयंगोल, आणि समोरचे प्रेक्षक हसून हसून बेजार. त्याच्या आईने जाहीरपणे लिहिलं की आता पुरे करा. त्याच्याही आधी घानाच्या संसदेत एका खासदाराने उपराष्ट्राध्यक्षांची तुलना मॅग्वायरशी केली होती. कुठल्या कुठे पोहोचला होता बिचारा!

माझा मुलगा तेव्हा दहा वर्षांचा, अकादमीत स्टॉपर (मधला बचावपटू) खेळायचा. एका सामन्यात त्याच्या पायाला लागून बॉल स्वतःच्याच गोलात गेला. पोरं त्याला 'मॅग्वायर, मॅग्वायर' चिडवायला लागली. घरी आला, बूट काढले नाहीत, दारातच म्हणाला, 'बाबा, ते चित्र तूच बनवलंस ना? सगळ्यांच्या फोनवर आहे.'

मीम बंद. पण मुलाचा चेहरा काही जाईना.

१७ एप्रिल २०२५. युरोपा लीगची उपांत्यपूर्व फेरी, ओल्ड ट्रॅफर्डवर ल्याँ. आपल्याकडे रात्री साडेबारा. दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडेची सुट्टी, म्हणून पोराला बसू दिलं. २-० पुढे होतो, ते २-२ झालं. जादा वेळेत ल्याँ ४-२ पुढे, तेही दहा खेळाडूंत. मी म्हणालो, 'चल झोपू.' तो म्हणाला, 'थांब ना, त्याला पुढे पाठवलंय.' स्टॉपरला स्ट्रायकर करून ठेवलं होतं! ११४व्या मिनिटाला पेनल्टी, १२०व्याला मेनू या खेळाडूचा गोल, आणि १२१व्या मिनिटाला क्रॉस आला आणि त्या मोठ्या डोक्याने (ज्या डोक्यावर मी किती विनोद केले होते) बॉल जाळ्यात. ५-४. आम्ही दोघं इतके ओरडलो की बायको धावत बाहेर आली, 'कोणाला काय झालं?'

पहाटेचे तीन वाजून गेले होते. मुलगा म्हणाला, 'आता याचं चित्र बनव.' बनवलं. त्याच्या खोलीत लावलंय.

आणि हो, घानाच्या त्या खासदाराने नोव्हेंबर २०२३ मध्ये भर संसदेत मॅग्वायरची माफी मागितली. मी अजून मागितलेली नाही, म्हणजे हा प्रतिसाद तीच समजा.

टपरीवरचा मित्र

तोच मी. धागाकर्त्याने मला खलनायक करून ठेवलंय, म्हणून लिहितो.

राफिन्याचं बघा. २०२४ च्या उन्हाळ्यात बार्सिलोनाचे निम्मे चाहते त्याला विकायला बसले होते, त्याच्या जागी कोण आणायचा ते ठरवूनही झालं होतं. मीही त्यातलाच. मग नवे प्रशिक्षक फ्लिक आले, बायर्नविरुद्ध याने हॅट-ट्रिक ठोकली, हंगामात ३४ गोल केले, आम्ही ला लीगा जिंकलो. आज मी त्याचा भक्त आहे. गोल नसते तर असतो का? नसतो. मला त्यात लाज वाटत नाही. मी प्रेक्षक आहे, त्याचा मामा नव्हे.

कोथरूड, पुणे

@मित्र: तुमचं गणित मॅग्वायरला लागू होत नाही. त्या हंगामात युनायटेड लीगमध्ये १५वे आले. युरोपाचा अंतिम सामनाही टॉटेनहॅमकडून हरले. जिंकलो कुठे? तरी आमचा तो झालाच.

टपरीवरचा मित्र

एक रात्र जिंकलात की. तुम्हा लोकांना आजकाल तेवढं पुरतं.

(चिडू नका, गंमत.)

फोंडा, गोवा

माझा अनुभव तुमच्या अटीत नीट बसत नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

२० डिसेंबर २०१५, फातोर्डा. आयएसएलचा (इंडियन सुपर लीगचा) अंतिम सामना, एफसी गोवा आणि चेन्नईयिन. मी आणि बाबा दोघंही गेलो होतो. बाबा डेंपो-साळगावकर या गोव्याच्या जुन्या क्लबांच्या काळातले, त्यांना ही झगमग आवडायची नाही, पण गोलकीपर लक्ष्मीकांत कट्टीमणी डेंपोचा, म्हणून आले. ८७व्या मिनिटाला जोफ्रेच्या फ्री-किकवर आपण २-१. लोक एकमेकांच्या गळ्यात पडले. बाजूचा एकजण तर फटाके आणायला निघाला. आणि ९०व्या मिनिटाला चेंडू कट्टीमणीकडूनच आपल्या जाळ्यात. भरपाई वेळेत मेंडोझाने तिसरा मारला. ३-२. संपलं.

पार्किंगपर्यंत चालताना लोक त्याच्याबद्दल काय काय बोलत होते ते लिहिण्यासारखं नाही. मीही बोललो. बाबा गप्प होते. गाडीत बसल्यावर म्हणाले, 'गोलकीपरची चूक फळ्यावर लिहिली जाते. बाकीच्यांची पुसली जाते.'

पुढे तो हैदराबादला गेला. २० मार्च २०२२, पुन्हा फातोर्डा, पुन्हा अंतिम सामना. केरळा ब्लास्टर्सविरुद्ध हैदराबाद. स्टेडियम नुसतं पिवळंजर्द, केरळहून लोक लोटले होते. बाबांचे गुडघे दुखत होते, ते घरी टीव्हीवर. केरळ १-० पुढे असताना ८८व्या मिनिटाला बरोबरी कोणी केली? साहिल ताव्होरा, आपला गोंयकार! आणि मग पेनल्टी शूटआउट. त्याच मैदानावर कट्टीमणीने तीन पेनल्ट्या अडवल्या. तीन! हैदराबाद विजेते.

आता कोणी म्हणेल, त्याने गोव्याला काय परत दिलं? कप तर दुसऱ्यांचाच. बरोबर आहे. पण त्या पिवळ्या गर्दीत मी एकटा वेड्यासारखा टाळ्या वाजवत होतो. बाबांचा फोन आला. हॅलो नाही, काही नाही. 'पुसलं रे त्याने,' एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला.

कोल्हापूरहून

सगळे टीव्हीवरचे खेळाडू. मी घरातला सांगते.

माझा मोठा भाऊ आमच्या पेठेच्या संघाकडून फॉरवर्ड खेळायचा. संघाचं नाव आणि त्याचं टोपणनाव लिहीत नाही, इथले लोक लगेच ओळखतील. बाहेरच्यांना सांगते, कोल्हापुरात फुटबॉल हा तालमींचा आणि पेठांचा असतो. शाहू स्टेडियमवर सामना असला की गल्लीत झेंडे लागतात, आणि हरलं की दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पेठेतून जायची चोरी.

त्या हंगामात दादाचा गोलच होईना. उपांत्य सामना टायब्रेकरवर गेला आणि याने शेवटची पेनल्टी बाहेर घालवली. तोवर गॅलरीतून त्याला टोपणनावाने हाक यायची, त्या दिवसापासून नुसता नंबर. 'ए अकरा, घरला जा.' पैसे खाल्ले असंही उठवलं कोणीतरी. दादा मुख्य रस्त्याने यायचा बंद झाला, मागच्या बोळातून यायचा. आई देवघरात बसून राहायची.

मी गिरणीत दळण घेऊन गेले, तर गिरणवाले काका चार माणसांत म्हणाले, 'हिच्या भावाच्या पायात पीठ भरलंय.' सगळे हसले. डबा तिथेच ठेवून मी घरी आले.

पुढच्या हंगामात दादाला बाकावर बसवलं. तो गप्प बसला, पण सकाळचा सराव एक दिवस चुकवला नाही. एका सामन्यात शेवटची वीस मिनिटं उतरवलं, आपण १-० पुढे होतो. गोल नाही मारला त्याने. समोरच्यांच्या कॉर्नरवर फॉरवर्ड असून मागे धावत आला आणि गोलरेषेवरून बॉल काढला, खांब कपाळाला लागला. रक्त आलं. तो पट्टी बांधून परत उभा राहिला तेव्हा गॅलरीतून कोणीतरी त्याला टोपणनावाने हाक मारली. एकानेच. मग दुसऱ्याने. मग सगळ्या बाजूने. मी बायकांच्या बाजूला होते, रडू आवरेना.

हॅरो, लंडनहून

ताई, वाचून काटा आला. ते गिरणवाले काका पुढे काही बोलले का हो?

कोल्हापूरहून

नाही. सॉरी वगैरे म्हणणारी माणसं नव्हेत ती. पण त्यानंतर कितीही गर्दी असली तरी माझा डबा आधी घेतात. 'पावण्यांचं नंतर, आपल्या माणसाचं आधी,' म्हणतात. मी पैसे पुढे केले की सुट्टे नाहीत म्हणून परत ढकलतात. मी पण हट्टाने सुट्टेच घेऊन जाते.