तंबू घेऊन पहिलाच मुक्काम: हरिश्चंद्रगड की रतनवाडी?

ठाणेकर_आई
नमस्कार मंडळी. जानेवारीतल्या एखाद्या शनिवारी एक रात्र तंबूत काढायचं ठरतंय. मी, नवरा आणि दहा वर्षांची लेक. ती पक्ष्यांची वही लिहिते आणि आता तिला "खरे जंगली प्राणी" बघायचेत, त्यातही शेकरू, म्हणजे झाडावरची ती मोठी खार. ह्यांना हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरचा सूर्यास्त हवाय. दिवसाचे किल्ले केलेत आम्ही, पण मुक्काम कधी केला नाही. हरिश्चंद्रगडावर तंबू ठोकावा की रतनवाडीला राहून रतनगड करावा? आमचा कुत्राही येऊ शकेल का? आणि बिबट्याचं काय?

राजूरकर_मास्तर
ताई, मी राजूरचा. शाळा सुटली की डोंगर, हाच उद्योग. तुमच्या दोन्ही जागा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातच आहेत, तेव्हा जंगल दोन्हीकडे आहे. पण शनिवारी रात्री कोकणकड्यावर प्राणी म्हणाल तर माणूस. तंबूला तंबू लागलेले, पहाटेपर्यंत गाणी, मॅगीचे कागद. भेकरासारखं लाजरं हरीण तिकडे फिरकेल कशाला?

लेकीसाठी जायचं असेल तर रतनवाडी. शेंडी गावाहून भंडारदऱ्याच्या जलाशयाला वळसा घालून रस्ता येतो, तो अंधार पडल्यावर सावकाश चालवा. दिव्यांच्या उजेडात रस्त्यातच दोन लाल डोळे चमकले तर गाडी थांबवा, तो रातवा पक्षी असतो. जवळ जाईपर्यंत हलत नाही, मग चाकाखालून गेल्यासारखा उडतो. वहीतली पहिली नोंद तिथेच होईल.

तंबू जंगलात नको, गावात कुणाच्या तरी अंगणात किंवा खळ्यावर विचारून लावा. पिठलं-भाकरी मिळते, संडासाची सोय होते, आणि चार पैसे गावात राहतात. शेजारी अमृतेश्वराचं कोरीव दगडी मंदिर आहे, संध्याकाळ तिथे घालवा. जानेवारीत दव इतकं पडतं की तंबूचं वरचं कापड सकाळी पिळून घ्यावं लागतं, म्हणून झोपायच्या पिशव्या कडेला टेकू देऊ नका.

आता मुख्य गोष्ट. प्राणी चालून दिसत नाहीत, बसून दिसतात. उजाडताच गडाची वाट धरा. सुरुवातीला वाट प्रवरेचं पात्र ओलांडत जाते आणि दोन्ही बाजूंना दाट झाडी आहे. तिथे पाणी साचलेला एखादा डोह बघून पंधरा-वीस पावलं लांब बसा, तासभर, तोंड मिटून. खाऊची पिशवी उघडायचीच नाही, तिचा आवाज फार लांब जातो. आधी शीळकरी कस्तुर हा पक्षी येईल, काळानिळा, दगडावर शेपटी फुलवत. रानकोंबडा ओरडेल, दिसेल की नाही ते नशीब. भेकर दिसलं नाही तरी भुंकलेलं ऐकू येईल, लोकांना ते कुत्रं वाटतं. आणि डोहाच्या काठचा चिखल बघायला विसरू नका. सांबराचा खूर, रानडुकराची उकराउकर, उदमांजराची बियांनी भरलेली विष्ठा, हे सगळं लेकीला वहीत काढता येईल. प्राणी नाही दिसला तरी रात्री इथे कोण येऊन गेलं ते कळतं.

वर शिड्या आहेत. लेकीच्या मागे एक मोठं माणूस ठेवा. नेढ्यात, म्हणजे कातळातल्या आरपार भोकात बसलं की भंडारदऱ्याचं पाणी, कळसूबाई आणि अलंग-मदन-कुलंग एका नजरेत येतात. अत्तर, फवारे नकोत आणि कपारीखाली धूर तर अजिबात नको. आग्या मोहोळ उठलं तर पळायला जागा नसते. पाच वर्षांच्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांना मी हेच सांगतो, बिबट्याच्या आधी.

शेकरू हवा असेल तर स्वतंत्र भीमाशंकर करा. 1985 मध्ये ते अभयारण्य मुख्यतः त्याच्यासाठीच झालं. गुप्त भीमाशंकरच्या वाटेवर सकाळी लवकर मान वर करून चालायचं. उंच फांद्यांच्या बेचक्यात पानाकाड्यांची मोठी घरटी दिसली की थांबा. मागच्या पायांनी फांदी धरून, खाली डोकं करून, पुढच्या पायांत फळ घेऊन कुरतडताना एकदा दिसला की पोरगी दुसरं काही मागणार नाही.

कड्यावरचा_पाकोळी
मास्तर, कोकणकड्यावर एवढे रागावू नका हो! शनिवार टाळा, बुधवारी जा. पायथ्याच्या पाचनई गावातून चढाई सोपी आहे, दहा वर्षांची मुलगी आरामात चढेल. कड्याच्या तोंडाशी पाकोळ्या कानाजवळून सूं करून जातात, आणि नशीब असेल तर लांब चोचीचं गिधाड पायाखालून तरंगताना दिसतं. पक्ष्याची पाठ वरून बघायला मिळणं ही लहान गोष्ट नाही. कड्याच्या काठाशी मात्र पोटावर पडूनच डोकवा, आणि लेकीचा हात सोडू नका. इंद्रवज्राची, म्हणजे त्या गोल इंद्रधनुष्याची आशा धरू नका, त्याला पावसाळ्यातलं धुकं लागतं. गुहेत राहणार असाल तर खाण्याची पिशवी दोरीने टांगा, नाहीतर रात्री उंदीर मेजवानी करतात.

राजूरकर_मास्तर
बुधवारचं म्हणत असाल तर माझी काही हरकत नाही. पण ठाण्याची नोकरदार माणसं बुधवार आणणार कुठून? मुक्कामाच्या परवानगीचे नियम बदलत राहतात, पाचनईत वन समितीच्या नाक्यावर आधी विचारून घ्या.

बिबट्या. आहे. पण तो तुम्हाला दिसण्याची शक्यता फारच कमी, त्याने तुम्हाला बघण्याची मात्र बरीच. रात्री करवतीने लाकूड कापल्यासारखा आवाज आला तर तो तोच. तंबूत पडून ऐकायचा. मुलीला अंधारात एकटीला लघवीला पाठवू नका, दोघांपैकी एकाने बॅटरी घेऊन जावं, उरलेलं अन्न उघड्यावर टाकू नये. एवढं पाळलं की झोपा निवांत.

कुत्रा घरी. अभयारण्यात पाळीव जनावर नेऊ नये, आणि बिबट्याला कुत्र्याइतकं सोपं भक्ष्य दुसरं नाही. शिवाय त्याच्या वासाने डोहावर कोणी यायचं नाही ते वेगळंच.

ठाणेकर_आई
मास्तर, पटलं. कुत्रा आजीकडे. रतनवाडी नक्की करतोय, ह्यांना सूर्यास्त रतनगडाच्या पायथ्याला दाखवते. एकच विचारायचं राहिलं: तासभर गप्प बसायचं म्हणता, पण ह्यांचा फोन दर पाच मिनिटांनी वाजतो. त्याला काय उपाय?

राजूरकर_मास्तर
रतनवाडीत रेंज धड नसते. तो प्रश्न सुटला.