मदत हवी आहे: चूक दाखवली म्हणून भाच्याला केसची धमकी

नमस्कार मंडळी, सांगलीत विश्रामबागला राहतो. भाचा इंजिनिअरिंगला आहे. एका पतसंस्थेच्या साइटवर स्वतःचा खातेउतारा बघताना त्यानं वरच्या लिंकमधला शेवटचा आकडा बदलला, तर दुसऱ्याच खातेदाराचा उतारा उघडला. नाव, शिल्लक, मोबाइल नंबर, सगळं. पोरानं त्याच रात्री स्क्रीनशॉट जोडून पतसंस्थेला ईमेल केला. आभार राहिले बाजूला, 'सिस्टीम हॅक केली, सायबर पोलिसांत तक्रार देतो' असं त्यांचं उत्तर. चोर सोडून संन्याशाला फाशी!

आयटी कायदा २००० चं कलम ४३ वाचलं. मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात शिरणं, डेटा कॉपी करणं, सगळं त्यात येतं. चांगल्या हेतूनं चूक दाखवणाऱ्याला वेगळी सूट नाही. याच गोष्टींसाठी कलम ६६ मध्ये ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण तिथं 'अप्रामाणिकपणे किंवा कपटाने' ही अट आहे. ती इथं कशी लागू होईल?

ग्रुपात सायबरचं काम बघणारे वकील आहेत का? आता सर्ट-इनला (देशाची सायबर सुरक्षा बघणारी सरकारी संस्था) कळवलं तर बाजू भक्कम होईल की उलट अंगाशी येईल? स्क्रीनशॉट पुसू नको असं मी सांगितलंय. ताईनं तर लॅपटॉपच कपाटात कुलूपबंद केलाय.