कॅरॅव्हॅन ट्रेलर घेतोय, एक्स्टेंडेड वॉरंटीचे पैसे भरावेत का?

शुभदा_गंगापूररोड

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं मनात घोळत होतं ते आता ठरलंय, कॅरॅव्हॅन घ्यायची. इंजिनवाली नव्हे, आपल्याच गाडीच्या मागे हुकला लावून ओढायची, ट्रेलर. हे ओझरहून निवृत्त झाले, मुलगी बंगळुरूला असते, आणि आम्हा दोघांनाही आता हॉटेलचं खाणं सोसत नाही. स्वतःचा ओटा आणि स्वतःचं बाथरूम सोबत असलं की सापुताऱ्यापासून कोकणापर्यंत कुठेही मनासारखं राहता येईल.

ट्रेलर पुण्याकडच्या एका वर्कशॉपमध्ये ऑर्डरप्रमाणे बांधून घेतोय. किंमत साडेतेरा लाख, त्यात एक वर्षाची वॉरंटी. मे अखेरीस ताबा मिळेल. आता त्यांनी पुढच्या तीन वर्षांच्या एक्स्टेंडेड वॉरंटीचं पत्रक पाठवलंय. ८५,००० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,००,३००. ‘ताबा घेण्याच्या दिवसापर्यंतच हा भाव, नंतर ही योजनाच मिळणार नाही,’ असं फोनवर सांगितलं.

मी पतसंस्थेत नोकरी केलेली, त्यामुळे कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची सवय आहे. यात समाविष्ट आहेत: फ्रिज, एसी, पाण्याचा पंप, गिझर, इन्व्हर्टर, एक्सल आणि ब्रेक. आणि वगळलेल्या गोष्टींचा परिच्छेद त्याहून मोठा आहे! टायर, बॅटरी, काचा, सीलंट, पाणी शिरल्याने झालेलं नुकसान, गंज, नेहमीची झीज, देखभाल न केल्याने झालेला बिघाड. शिवाय दुरुस्ती फक्त ‘अधिकृत केंद्रात’, आणि नाशिकमध्ये असं केंद्र नाही. म्हणजे पंप बिघडला तरी सव्वादोनशे किलोमीटर पुण्याला ओढत न्यायचं.

ह्यांचं म्हणणं, साडेतेरा लाख घालतोच आहोत तर आणखी एक लाख घालून निर्धास्त होऊ. मला ते पटत नाही, पण ह्यांच्या काळजीला उत्तर द्यायला मला यंत्रातलं फारसं कळत नाही. ट्रेलर एरवी मखमलाबादला आमच्या शेतावर, द्राक्षबागेला लागून पत्र्याच्या शेडमध्ये उभा राहील. ज्यांनी असं काही वापरलंय किंवा बांधलंय त्यांनी कृपया सांगावं.

सिडकोवाला

ताई, घेऊन टाका. माझ्या कारची वाढीव वॉरंटी होती, चौथ्या वर्षी एसीचा कॉम्प्रेसर गेला, एक रुपया लागला नाही. त्या एका कामात सगळे पैसे वसूल झाले. म्हाताऱ्या माणसांनी डोक्याला ताप कशाला करून घ्यायचा.

अंबड_एफआरपीवाला

सिडकोवाले दादा, कारचा हिशेब इथे लागू करू नका. कार एकाच कंपनीची असते, गावात तिची दोन-चार सर्व्हिस सेंटर असतात आणि एक कॉम्प्रेसर बदलला की गाडी पूर्ववत होते. ट्रेलरचं तसं नाही.

ताई, मी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत फायबरचं काम करतो. बसची छतं, टाक्या, फूड ट्रक आणि हल्ली कॅरॅव्हॅनही दुरुस्तीला येतात. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक कॅरॅव्हॅनचं दुखणं एकच असतं, आणि ते तुमच्या पत्रकात वगळलेल्या यादीत आहे. पाणी.

ट्रेलर म्हणजे डबा आणि डब्यातलं सामान. सामान बिघडलं तर बदलता येतं. डबा सडला तर ट्रेलर संपला. डब्याची भिंत सँडविच पॅनेलची असते, बाहेर फायबर किंवा अॅल्युमिनियमचा पत्रा, मध्ये फोम, आणि खिडकी-दाराभोवती स्क्रू धरायला लाकूड किंवा प्लायवूड. छताला एसीसाठी, हवेच्या झरोक्यासाठी आणि सोलरच्या वायरसाठी भोकं पाडलेली असतात. प्रत्येक भोकाच्या कडेला सीलंट. रस्त्यावर डबा सतत हादरतो, वर ऊन, की ते सीलंट हळूहळू सुटतं. केसाएवढ्या फटीतून पाणी आत जातं, पण लगेच दिसत नाही. ते पॅनेलच्या आत उतरतं, प्लाय फुगतो, मग फायबरचा थर सुटून फुगवटा येतो. तो दिसतो तेव्हा वर्ष-दीड वर्ष उलटलेलं असतं.

ओळखायचं कसं ते सांगतो. आतून छताच्या चारी कोपऱ्यांवर, खिडकीच्या खालच्या दोन्ही टोकांना आणि चाकाच्या कमानीजवळच्या जमिनीवर अंगठ्याने जोर देऊन दाबा. कुठे मऊ लागलं, दबलं, किंवा कपाट उघडल्यावर ओल्या गोणपाटासारखा वास आला, तर पाणी आत आहे. वर्कशॉपमध्ये ताबा घेतानाच छतावर अर्धा तास पाण्याचा पाइप धरायला लावा आणि तुम्ही आत टॉर्च घेऊन बसा. लाजू नका, साडेतेरा लाख देताय.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुम्हाला मे अखेर ताबा मिळणार, फार चांगलं झालं. बहुतेक लोक पावसाळाभर ट्रेलर शेडमध्ये झाकून ठेवतात आणि दिवाळीत बाहेर काढतात. पहिलं वर्ष कोरडंच जातं, गळती दुसऱ्या पावसाळ्यात कळते आणि तोवर वॉरंटी संपलेली असते. तुम्ही उलट करा. जूनअखेरीपासून घोटी-इगतपुरीकडे न्या आणि आडव्या पावसात उभा करा. इगतपुरीचा पाऊस सहन केला तर डबा चांगला आहे. नाही केला तर फुकटात दुरुस्त होईल, कारण मूळ वॉरंटी चालू असेल. मात्र मूळ वॉरंटीतही गळती वगळलेली नाही ना, ते आधी बघा. वगळली असेल तर ती घालून घेतल्याशिवाय उरलेली रक्कम देऊ नका.

सामानाचं सांगायचं तर एसी, इन्व्हर्टर, बॅटरी, सोलर ह्या प्रत्येकाला ते बनवणाऱ्या कंपनीची स्वतःची वॉरंटी असते. एसीच्या कॉम्प्रेसरला बऱ्याच कंपन्या दहा वर्षं देतात, सोलर पॅनेलच्या वीजनिर्मितीची हमी सहसा पंचवीस वर्षांची असते. पण बिल वर्कशॉपच्या नावावर राहिलं तर तुम्ही कुणाकडे जाणार? म्हणून प्रत्येक वस्तूचं बिल, सीरियल नंबर आणि वॉरंटी कार्ड ताब्याच्या वेळीच मागा. घरगुती एसी बसवत असतील तर चालत्या वाहनात बसवल्यावर कंपनी वॉरंटी मानते का, हेही लेखी विचारून घ्या. जे आधीच तीन-पाच वर्षं सुरक्षित आहे त्यासाठी दुसऱ्यांदा लाख रुपये का भरायचे?

पंप बारा व्होल्टचा असतो, काही हजारांत येतो, दोन पाइप आणि दोन वायरी. एक्सलच्या बेअरिंगचे नंबर लिहून घ्या. नेहमीच्या मापाचं असेल तर द्वारका ते आडगाव नाक्यापर्यंत कुठल्याही स्पेअरच्या दुकानात मिळेल. वर्षातून एकदा बेअरिंग उघडून ग्रीस बदलायचं, गाडी चालो न चालो. कसारा घाट उतरलात की खाली थांबून दोन्ही हबजवळ, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाजवळ, हाताचा मागचा भाग न्या. एक हब दुसऱ्यापेक्षा फारच तापलेला वाटला तर ब्रेक चिकटून राहतोय किंवा बेअरिंग खराब होत चाललंय. टायर झिजायच्या आधीच वयाने जातात. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. जुना माल चिकटवत असतील तर तिथेच कळेल.

आणि ताई, तुमची शेड द्राक्षबागेला लागून आहे म्हणालात. बोर्डोची, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकाची फवारणी करता ना? त्यातलं मोरचूद अॅल्युमिनियमला खातं. पत्रा, खिडक्यांच्या पट्ट्या, दाराच्या चौकटी, सगळ्यावर बारीक खड्डे पडतात. गंज वगळलेला आहेच. फवारणीच्या दिवसांत ट्रेलर झाकून ठेवा आणि नंतर साध्या पाण्याने धुवा. जमलं तर बागेपासून लांब उभा करा.

ह्यूस्टनचा_नाशिककर

मूळचा पंचवटीचा, सध्या टेक्सासमध्ये. इथे ट्रॅव्हल ट्रेलर घरोघरी दिसतात, म्हणून थोडं लिहितो.

इथे बहुतेक नव्या ट्रेलरना उत्पादकाची एकच वर्ष वॉरंटी असते. पुढची जी विकतात तिला लोक एक्स्टेंडेड वॉरंटी म्हणतात, पण १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्याप्रमाणे ती वॉरंटी नसून सर्व्हिस कॉन्ट्रॅक्ट असते, कारण तिचे पैसे वेगळे मोजावे लागतात. सही करायच्या दिवशी फायनान्सच्या खोलीत ती पुढे सरकवतात. ‘आजच’ हा शब्द इथेही ऐकू येतो. भाव मात्र घासाघीस करून बराच खाली येतो, कारण त्यात डीलरचा मोठा वाटा असतो.

मी घेतली. कारण माझ्या ट्रेलरला बाहेर सरकणारी खोली आहे, विजेवर चालणारे जॅक आहेत, गॅसवरचा फ्रिज आहे, आणि इथे मेकॅनिकच्या एका तासाचेच दीडशे डॉलर किंवा जास्त होतात. शिवाय माझ्या करारात फिरता मेकॅनिक घरी येऊन दुरुस्ती करू शकतो. हंगामात डीलरकडे ट्रेलर टाकला की आठवडेच्या आठवडे तिथेच पडून राहतो, म्हणून ती अट मी मागून घेतली. नाशिकमध्ये मजुरी इतकी नाही आणि अंबडसारखी वसाहत दाराशी आहे. तुमचा ट्रेलरही साधा दिसतोय. मी तिथे असतो तर घेतली नसती.

घ्यायचीच झाली तर तीन गोष्टी विचारा. दर खेपेला पदरचे किती भरायचे, आणि ते प्रत्येक भेटीला की प्रत्येक बिघाडाला? मध्येच रद्द केली तर उरलेल्या काळाचे पैसे परत मिळतात का? ट्रेलर विकला तर नव्या मालकाच्या नावावर होते का?

वकिली_कट्टा

शुभदाताई, कायद्याच्या बाजूने थोडं.

पत्रकावर सही कुणाची आहे ते आधी पाहा. वचन वर्कशॉप देतंय की तिसरीच कंपनी? वर्कशॉप देत असेल तर चौथ्या वर्षी ते चालू असायला हवं. छोट्या धंद्यात याची शाश्वती कोण देणार?

‘वाहन विमा आहेच’ असं समजू नका. ट्रेलरची स्वतंत्र नोंदणी आणि विमा लागतोच, पण वाहन विम्यात यांत्रिक-विद्युत बिघाड आणि झीज वगळलेली असते. विमा अपघात, आग, चोरी, पूर यासाठी आहे.

वॉरंटी संपली म्हणजे हक्क संपला असंही नाही. उत्पादनातच दोष असेल तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. वस्तूसाठी मोजलेली किंमत पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे वर्कशॉप पुण्याचं असलं तरी तक्रार नाशिकला. दहा ते वीस लाखांच्या व्यवहाराला फी ४०० रुपये. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून बघावी, पुष्कळदा तिथेच मिटतं. यासाठी फोनवरच्या गप्पा उपयोगाच्या नाहीत. सगळं ईमेलवर आणा, फोटो तारखेसह ठेवा.

आणखी एक. कुंभमेळ्यात ट्रेलर भाड्याने द्यायचा विचार असेल तर व्यावसायिक वापराचं कलम वाचा. बऱ्याच करारांत एकदा भाड्याने दिलं की सगळंच रद्द होतं.

शुभदा_गंगापूररोड

सगळ्यांचे मनापासून आभार. ह्यांनाही वाचून दाखवलं.

वाढीव वॉरंटी घेत नाही आहोत. अंबडच्या दादांनी लिहिल्याप्रमाणे मूळ वॉरंटीचा कागद मागवला. त्यात गळतीबद्दल एक अक्षर नव्हतं, हो पण नाही आणि नाही पण नाही. मी ईमेल केली की छत, खिडक्या आणि कोपऱ्यांच्या गळतीची हमी तीन वर्षं लिहून द्या, तर उरलेली रक्कम ताब्याच्या दिवशी देते. तीन वर्षांना त्यांनी नकार दिला. दोन पावसाळे कबूल केले आणि तसं लेटरहेडवर आलंय. वस्तूंची बिलंही आमच्या नावावर करून देणार आहेत. एसी घरगुती निघाला, तेव्हा त्याच्या कंपनीला विचारलंय, उत्तर यायचंय.

एक लाखाची मुदत ठेव वेगळी काढली, फक्त ट्रेलरच्या नावाने. ह्यांना तेवढ्याने खरंच बरं वाटलं. त्यांची काळजी फ्रिजची होती, तो गेला तरी ठेवीतून नवा येईल एवढं पुरेसं होतं.

सिडकोवाले दादा, तुमचं मन दुखवायचं नाही, गावात सर्व्हिस सेंटर असतं तर आम्ही कदाचित घेतलीही असती.

कुंभात भाड्याने देणार नाही. त्या काळात बहीण आणि मेव्हणे अकोल्याहून येणार आहेत, ते शेतावर त्यातच राहतील.

शेड बागेच्या दुसऱ्या टोकाला, विहिरीकडे हलवायला सांगितलीय. गडी म्हणाला, मोटारीचे पत्रेही तसेच खाल्लेत, हे इतकी वर्षं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

अंबडचे दादा, एक विनंती. ताबा घ्यायला पुण्याला जाताना तुमच्या ओळखीचा कुणी जाणकार तिकडे असेल तर सांगा, त्याची जी काही फी असेल ती देऊ. पाइप धरायचं काम हे करतील, पण दाबून बघायचं नेमकं कुठे ते माहीतगारानेच दाखवलेलं बरं.

अंबड_एफआरपीवाला

पुण्यात भोसरीला माझ्याबरोबर काम शिकलेला एकजण आहे, तो येईल. तारीख ठरली की निरोप करा. फी नको, त्याला जाण्या-येण्याचं पेट्रोल द्या. आणि ताबा सकाळी घ्या, संध्याकाळी नको. उजेडात फायबरवरचे फुगवटे तिरकं बघितलं की दिसतात.